सिनेमा कसा होता?

सिनेमा पाहून घरी आलेल्या माणसाला आपल्याकडे एकच प्रश्न विचारतात, आणि त्याचे उत्तरही ठरलेले असते. "कसा होता पिक्चर?" "ठीक होता. काही खास नाही." झाले! विषय संपला. एस. टी.चे भाडे गेले, तिकिटाचे पैसे गेले, मध्यंतरात मूठभर मक्याच्या लाह्यांना पोटभर जेवणाचे दाम मोजले, तीन तास अंधारात बसून पाठ अवघडली. आणि या साऱ्या खटाटोपाचे फलित काय, तर तीन शब्द : काही खास नाही!

हाच माणूस बियाण्याची पिशवी आणतो तेव्हा मात्र असे बोलत नाही. उगवण नीट झाली नाही, तर तो दुकानात जाऊन ठणकावून सांगतो, "अमक्या दिवशी पेरलं, ओल चांगली होती, शेजाऱ्याचं दुसरं वाण तरारून आलं, आणि तुमचं दहा दाण्यांत चारच उगवलं." पिशवीवरचे चित्र कितीही झकास असो, तो त्या चित्रावर भाळून गप्प बसत नाही. तो नेमके बोलतो. मग सिनेमाच्या बाबतीतच आपण एवढे मोघम का होतो?

आज मी आपल्याशी अलीकडच्या काही चित्रपटांविषयी बोलणार आहे. ज्यांनी आपली निराशा केली, असे हे चित्रपट. मी काही नामांकित टीकाकार नव्हे. महाविद्यालयात मुलांना मराठी शिकवणारा आणि पदरचे पैसे खर्चून सिनेमा पाहणारा एक साधा प्रेक्षक आहे. तेव्हा ही माझी मते आहेत, फर्मान नव्हे. यातला एखादा चित्रपट आपल्याला मनापासून आवडला असेल, तर कृपा करून रेडिओवर रागावू नका. त्या बिचाऱ्याचा यात काही दोष नाही.

पहिला प्रकार आहे ढोलाच्या सिनेमाचा. वरात दारात यायच्या आधी कोसभर ढोल वाजतो, आणि वरात आल्यावर बघावे तर नवरदेवच नाही! सन २०१८ च्या दिवाळीत, ८ नोव्हेंबरला, 'ठग्ज ऑफ हिंदोस्तान' प्रदर्शित झाला. अमिताभ बच्चन आणि आमिर खान पडद्यावर प्रथमच एकत्र येणार, म्हणून सारा देश टक लावून बसला होता. पहिल्याच दिवशी पन्नास कोटींच्या वर गल्ला जमला. तोपर्यंत कोणत्याही हिंदी चित्रपटाचा पहिला दिवस एवढा मोठा झाला नव्हता. आणि दुसऱ्या आठवड्यात? रिकाम्या खुर्च्या पडद्याकडे बघत होत्या, आणि पडदा खुर्च्यांकडे!

आता 'काही खास नाही' म्हणून आपण सुटू नये. कुठे बिनसले ते सांगू या. गोष्ट १७९५ सालची, कंपनी सरकारच्या अमलातली. एका बाजूला खुदाबक्ष नावाचा करारी बंडखोर, दुसऱ्या बाजूला इंग्रज, आणि मध्ये फिरंगी नावाचा एक बेरकी माणूस. हा फिरंगी कधी इकडे, तर कधी तिकडे. पहिल्यांदा त्याने बाजू बदलली तेव्हा गंमत वाटली. दुसऱ्यांदा बदलली तेव्हा थोडे हसू आले. पुढे मात्र आपल्याला आधीच कळू लागले, की आता हा पुन्हा उडी मारणार. जो माणूस घटकेघटकेला दगा देतो, त्याच्या दग्याचा धक्का कोणाला बसायचा? दगा बसण्यासाठी आधी विश्वास बसावा लागतो, आणि या चित्रपटाने विश्वास बसायला सवडच दिली नाही. मोठमोठी गलबते होती, तोफा होत्या, आगीचे लोळ होते. पण एकाही माणसाच्या सुखदुःखात आपण गुंतलो नाही. पुढे आमिर खानने या अपयशाची जबाबदारी जाहीरपणे स्वतःवर घेतली, आणि अपेक्षा ठेवून आलेल्या प्रेक्षकांची क्षमाही मागितली. एवढा मोठा नट असे बोलतो, याचे मला कौतुक वाटते.

दुसरा प्रकार कलमाचा. आंब्याचे कलम कसे करतात, हे आपल्याला मी सांगावे असे नाही. फांदी चांगल्या झाडाची घ्यावी लागते, आणि ती ज्या रोपावर बांधायची, त्याची मुळेही त्या जमिनीत रुजलेली असावी लागतात. नुसती फांदी तोडून दुसऱ्याच्या अंगणात खोचली, तर चार दिवस हिरवी दिसते इतकेच. नागराज मंजुळे यांचा 'सैराट' एप्रिल २०१६ मध्ये आला आणि मराठी चित्रपटाने कधी पाहिली नव्हती अशी गर्दी त्याने पाहिली. त्यावरून २०१८ साली 'धडक' हा हिंदी चित्रपट निघाला. करमाळ्याकडची माती सोडून गोष्ट राजस्थानात, उदयपूरला गेली. सरोवरे आली, राजवाडे आले, रंगीत फेटे आले. धंदाही बरा झाला म्हणतात. पण 'सैराट' पाहिलेला मराठी माणूस बाहेर आला तो मान हलवतच.

का बरे? माझ्या वर्गातल्या एका विद्यार्थिनीने याचे कारण दोन वाक्यांत लिहिले. तिने लिहिले, "आर्ची ट्रॅक्टर चालवत येते, तेव्हा तो ट्रॅक्टर कोणाचा, ते शेत कोणाचं आणि ते गाव कोणाच्या शब्दावर चालतं, हे आम्हाला कोणी सांगावं लागत नाही. धडकमध्ये मात्र भीती कशाची आहे, तेच नीट कळत नाही." पोरीने बरोबर बोट ठेवले. 'सैराट'चा कणा प्रेम हा नाही. गावातली जात आणि तिचा दरारा हा तिचा कणा आहे. हिंदीत येताना तो दरारा पातळ झाला, आणि उरली ती श्रीमंत मुलगी आणि साधा मुलगा ही शंभरदा ऐकलेली कथा.

याचा अर्थ दुसऱ्याची गोष्ट घेऊच नये, असा नाही. पु. ल. देशपांडे यांनी बर्नार्ड शॉचे 'पिग्मॅलियन' हे नाटक घेतले, आणि १९७५ साली 'ती फुलराणी' रंगभूमीवर आली. मूळ नाटक लंडनचे. पण पु. लं.नी नुसती नावे बदलली नाहीत. शुद्ध भाषा कोणाची, अशुद्ध कोणाची आणि त्यावरून माणसाची किंमत कोण ठरवतो, हे आपल्याच मराठी समाजात शोधून काढले. म्हणून ते कलम धरले. नक्कल आणि रूपांतर यांतला फरक तो हाच.

तिसरा प्रकार म्हणजे पोशाखी सिनेमा. इतिहास आणि पुराण या दोहोंवर सध्या निर्मात्यांची फार भक्ती आहे. भक्ती चांगलीच, पण देवाला दागिने घालताना देवच झाकला जाऊ नये. जून २०२२ मध्ये 'सम्राट पृथ्वीराज' आला. दिग्दर्शक डॉ. चंद्रप्रकाश द्विवेदी. दूरदर्शनवरची 'चाणक्य' ही त्यांची मालिका आमच्या पिढीच्या चांगली स्मरणात आहे, म्हणून अपेक्षा मोठी. इतिहासातला पृथ्वीराज चौहान ११९२ साली मारला गेला, तेव्हा तो पंचविशीच्या आसपासचा होता असे मानतात. पडद्यावर पृथ्वीराज झालेले अक्षय कुमार त्या वेळी चोपन्न वर्षांचे होते. वय लपवणे हा नटाचा हक्कच आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण तरुण राजाचे उतावळेपण, त्याची चूक, त्याचा अभिमान, हेच तर त्या कथेचे रक्तमांस! ते बाजूला राहिले आणि जो तो भाषण करू लागला. चार वाक्ये बोलायची आणि टाळ्यांसाठी थांबायचे. राजसभा कुठली, ते तर स्नेहसंमेलनच!

यानंतर वर्षभराने, १६ जून २०२३ रोजी, 'आदिपुरुष' आला. दिग्दर्शक आपले मराठीच, ओम राऊत. लोकमान्य टिळकांवरचा त्यांचा २०१५ चा चित्रपट मला आवडला होता, म्हणून मी मोठ्या उमेदीने गेलो. या चित्रपटासाठी प्रत्येक चित्रपटगृहात एक खुर्ची हनुमंतासाठी मोकळी ठेवावी, असे निर्मात्यांनी जाहीर केले होते. कल्पना भाविक आहे. पण मनात असे आले, की खुर्चीवर हनुमंत खरोखरच येऊन बसले असते, तर पडद्यावरचे स्वतःचे संवाद ऐकून त्यांनी शेपटी आवरून द्रोणागिरीची वाट धरली असती. त्या संवादांतली रस्त्यावरची भाषा ऐकून देशभर एवढी ओरड झाली, की चित्रपट चालू असतानाच निर्मात्यांना काही ओळी बदलाव्या लागल्या. रावणाला पुष्पक विमानाऐवजी वटवाघळासारखे एक अजस्र जनावर दिले होते, आणि त्याची दहा तोंडे एकावर एक अशा दोन ओळींत मांडली होती. पहिली झलक पाहूनच लोक नाराज झाले, म्हणून चित्रपट जानेवारीवरून जूनपर्यंत पुढे ढकलून संगणकावरची दृश्ये पुन्हा केली गेली. दृश्ये सुधारायला पाच महिने दिले, तसे पाच दिवस संवाद लिहिणाऱ्याला पुन्हा दिले असते तर!

श्रोते हो, हे सारे पाहताना मला राहून राहून आपल्या या ध्वनिपेटीची आठवण होत होती. १ एप्रिल १९५५ रोजी पुणे आकाशवाणीवरून 'गीतरामायण' सुरू झाले. ग. दि. माडगूळकरांचे शब्द, सुधीर फडके यांचे संगीत. वर्षभरात छप्पन्न गीते झाली. यात सोन्याची लंका दिसली नाही, एकही राक्षस दिसला नाही, पुष्पक विमानाचा पंखाही कोणी पाहिला नाही. तरी वडीलधारी माणसे सांगतात, की गाण्याच्या वेळी लोक रेडिओला हार घालीत आणि उदबत्ती लावून बसत. डोळ्यांना काहीही न दाखवता ज्यांनी राम दाखवला, त्यांच्यापाशी शब्द होते. आणि शेकडो कोटी खर्चून ज्यांना राम दाखवता आला नाही, त्यांच्यापाशी शब्दांचीच वाण होती. गावातला कीर्तनकार हे जाणतो. त्याच्याजवळ एक वीणा असते, दोन टाळकरी असतात, आणि त्याच्या वाणीतून वनवास उभा राहतो. तुम्ही आम्ही त्या कीर्तनात वाढलेली माणसे. आम्हाला रामायणात काय हवे, हे नीट ठाऊक आहे. म्हणूनच आमची निराशा ही अडाण्याची कुरकुर नाही, ती जाणकाराची तक्रार आहे.

चौथा प्रकार सर्वांच्या परिचयाचा : शिळ्या कढीला ऊत. एखादा चित्रपट चालला, की त्याचा दुसरा भाग, मग तिसरा भाग. जुलै २०२४ मध्ये 'हिंदुस्तानी २' आला. पहिला भाग १९९६ सालचा, दिग्दर्शक शंकर, नायक कमल हासन. म्हातारा स्वातंत्र्यसैनिक सेनापती लाचखोरांना शासन करतो, अशी ती गोष्ट. पहिल्या भागाचे बळ कशात होते, आठवून पाहा. सेनापतीचा स्वतःचा मुलगाच लाच घेऊन नादुरुस्त बसला परवाना देतो, त्यात शाळेची मुले मरतात, आणि बाप मुलालाही सोडत नाही. प्रेक्षकाच्या पोटात खड्डा पडला तो तिथे. न्याय करणाऱ्यालाच न्यायाची किंमत द्यावी लागली.

दुसऱ्या भागात सेनापती परत येतो. हिशेब केला तर त्याने वयाची शंभरी ओलांडलेली आहे. तरी तो तरण्याताठ्या माणसांना लोळवतो. याचेही मी मनावर घेत नाही. आमच्या गावाकडेही असे आजोबा आहेत, फक्त ते लोळवत नाहीत, बोलूनच गारद करतात. माझे म्हणणे दुसरेच आहे. या वेळी तो ज्यांना शासन करतो, ती माणसे त्याची कोणी नव्हेत. भ्रष्ट शेठजी येतो, मरतो. दुसरा येतो, तोही मरतो. जणू रेशनच्या दुकानापुढची रांग! सेनापतीच्या काळजाला कुठे चरा जात नाही, मग आपल्या तरी कसा जावा? आणि जवळजवळ तीन तासांनंतर, आता संपले म्हणून चपला शोधावयास खाली वाकावे, तर पडद्यावर तिसऱ्या भागाची झलक! जेवण झाल्यावर वाढप्याने विडा द्यावा की उद्याच्या जेवणाची यादी वाचून दाखवावी?

पाचवा आणि शेवटचा प्रकार एका माणसाच्या सिनेमाचा. नायक एवढा मोठा, की गोष्टीला बसायला जागाच उरत नाही. ३० मार्च २०२५ रोजी, आपल्या गुढीपाडव्याच्या दिवशी, सलमान खानचा 'सिकंदर' आला. याची मूळ कल्पना ऐका. राजकोटच्या एका राजघराण्यातल्या माणसाची पत्नी मरण पावते. तिचे अवयव मुंबईतल्या तीन गरजू माणसांना दिले जातात, आणि हा माणूस त्या तिघांच्या शोधात मुंबईला येतो. सांगा, किती सुंदर बी आहे हे! आपले माणूस गेले, पण त्याचा अंश एका अनोळखी माणसाच्या देहात जिवंत आहे. त्या माणसासमोर उभे राहिल्यावर काय वाटत असेल? बोलावे की नुसते पाहत राहावे? त्याला खरे सांगावे की न सांगताच परत फिरावे? अवयवदानाविषयी सरकार किती पत्रके काढते; त्या शंभर पत्रकांचे काम असा एक चित्रपट करू शकला असता. पण बी चांगले मिळूनही पेरणी गुद्द्यांची झाली. तिघांपैकी कोणाशी नायक दोन शब्द मनापासून बोलू लागला, की गुंड आलेच! गुंड गेले की गाणे, गाणे संपले की पुन्हा गुंड. ती तीन माणसे बिचारी स्वतःच्या गोष्टीत पाहुण्यासारखी बसून राहिली.

असे हे पाच प्रकार. आता या साऱ्यांत समान काय आहे ते पाहा. पैसा कमी पडला, असे यात एकाचेही नाही. नट नामांकित होते, छायाचित्रण देखणे होते, आवाज तर एवढा मोठा की कानात बोळे घालावेत. कमी पडले ते एकच. गोष्ट सांगणाऱ्याने स्वतःला विचारावयाचा साधा प्रश्न : या माणसाचे पुढे काय होणार, याची काळजी बघणाऱ्याला का वाटावी? तो प्रश्न कोणी विचारलाच नाही. हे काम कागदावरचे आहे. शाई आणि कागद याहून स्वस्त वस्तू चित्रपटाच्या धंद्यात दुसरी नाही. आणि काटकसर नेमकी तिथेच होते.

हे मी म्हणतो याला पुरावा आहे. ज्या दिवशी 'ठग्ज' आला, त्याच दिवशी 'आणि... डॉ. काशिनाथ घाणेकर' हा मराठी चित्रपट आला, आणि आठवडाभराने, १६ नोव्हेंबर २०१८ ला, सुधाकर रेड्डी यक्कंटी यांचा 'नाळ' आला. विदर्भातले नदीकाठचे गाव, चैत्या नावाचे सात-आठ वर्षांचे पोर, आणि त्याला एक दिवस कळते, की ही आपली जन्म देणारी आई नव्हे. एवढीच गोष्ट. गलबत नाही, तोफ नाही. पण त्या दिवसापासून ते पोर आईकडे ज्या नजरेने बघू लागते, ती नजर पाहून थेटरातली मोठमोठी माणसे डोळे पुसत होती. श्रीनिवास पोकळे या बालनटाला त्या कामासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. जून २०२३ मध्ये केदार शिंदे यांचा 'बाईपण भारी देवा' आला. सहा बहिणींची मंगळागौर, रुसवे आणि गुडघेदुखी! बायका नऊवार नेसून, गाड्या ठरवून, थव्याथव्याने गेल्या. म्हणजे प्रेक्षक रुसून घरी बसला आहे, ही गोष्ट खरी नव्हे. २३ सप्टेंबर २०२२ ला देशातल्या अनेक चित्रपटगृहांनी एका दिवसासाठी तिकीट ७५ रुपये केले, तेव्हा तीच रिकामी थेटरे भरून वाहिली होती. प्रेक्षक आहे. त्याला परवडेल असे तिकीट आणि गुंतून जाईल अशी गोष्ट हवी आहे.

मात्र एका गोष्टीची सावधगिरी आपणही बाळगली पाहिजे. घाईने निकाल देऊ नये. 'शोले' १५ ऑगस्ट १९७५ रोजी लागला, तेव्हा पहिल्या दिवसांत जाणत्या व्यापाऱ्यांनी तो पडला असे सांगून टाकले होते. पुढे मुंबईच्या मिनर्व्हात तो पाच वर्षे चालला! राज कपूरचा १९७० चा 'मेरा नाम जोकर' चार तासांहून लांब, दोन मध्यंतरे असलेला. लोकांनी तो नाकारला आणि निर्माता कर्जात बुडाला. पण त्यातला शाळकरी मुलाचा आणि त्याच्या शिक्षिकेचा पहिला भाग आज पाहिला तर डोळ्यांत पाणी येते. म्हणजे पडलेल्या चित्रपटातही सोने असू शकते, आणि गाजलेल्यातही कथील. म्हणून तर 'पडला' आणि 'चालला' हे शब्द व्यापाऱ्यांना ठेवू द्यावेत. आपण प्रेक्षकांनी आपले शब्द वापरावेत.

इथे माझे शिक्षक बंधुभगिनींशी थोडे बोलणे आहे. खेड्यातल्या मुलाला आज सिनेमाचे दर्शन पूर्वीसारखे जत्रेतल्या तंबूत होत नाही. तालुक्याच्या थेटरांचेही दिवस गेले. कितीतरी ठिकाणी तिथे आता मंगल कार्यालये झाली आहेत. गोड शेवटाची परंपरा तेवढी त्या जागेने टिकवली म्हणायची! आता चित्रपट मुलाच्या हातातल्या फोनवर येतो, आणि तो चोवीस तास येतो. त्याला बंदी घालणे आपल्या हाती राहिलेले नाही. त्याला नीट पाहायला शिकवणे मात्र आपल्याच हाती आहे.

म्हणून आठवी-नववीच्या वर्गात एक प्रयोग करून पाहावा. महिन्यातून एकदा, पाहिलेल्या कोणत्याही चित्रपटावर मुलांनी दहा ओळी लिहाव्यात. अट एकच : 'छान', 'मस्त', 'बोअर' आणि 'काही खास नाही' हे शब्द वर्ज्य! त्याऐवजी तीन प्रश्नांची उत्तरे द्यावीत. पहिला प्रश्न, तुझे लक्ष नेमके कोणत्या जागी उडाले? दुसरा, गोष्टीतल्या मुख्य माणसाला काही गमवावे लागले का, आणि ते गमावताना तुला काय वाटले? आणि तिसरा, यातले काय काढून टाकले असते तर गोष्ट बिघडली नसती? मी महाविद्यालयात हा प्रयोग करतो आहे. पहिल्या महिन्यात मुले पेनाचे टोपण चावत बसतात. तिसऱ्या महिन्यात ती असे लिहू लागतात, की आपणच चकित व्हावे. आणि गंमत म्हणजे, मग तीच मुले पाठ्यपुस्तकातल्या धड्यालाही हेच तीन प्रश्न विचारू लागतात, आणि थोड्या दिवसांनी आपल्या तासालाही! त्याची तयारी शिक्षकाने ठेवलेली बरी.

आपण म्हणाल, करमणुकीच्या गोष्टीचा एवढा खल कशाला? तर तो अशासाठी, की ढोलाचा आवाज आणि आतला माल यांतला फरक ओळखणे ही सवय आहे, आणि सवय सोप्या गोष्टीवर लावून घ्यावी लागते. सिनेमात फसलो तर दोन-चारशे रुपयांवर निभावते. जाहिरात पाहून औषध घेताना, भरघोस व्याजाच्या आशेने पैसे गुंतवताना किंवा सभेतले भाषण ऐकताना फसलो, तर एवढ्यावर भागत नाही. ज्या मुलाला पडद्यावरचा पोकळ डामडौल ओळखता आला, त्याला तो इतरत्रही ओळखता येईल, असा माझा विश्वास आहे.

आणि दुसरे कारण असे की, चांगल्या लहान चित्रपटाला आज खेळ मिळत नाहीत. मोठ्या ढोलाने पडदे अडवलेले असतात. लहान चित्रपटाला सकाळी नऊचा खेळ मिळतो, आणि प्रेक्षक येईना म्हणून पुढच्या शुक्रवारी तोही जातो. त्याच्यापाशी जाहिरातीला पैसा नसतो. त्याची जाहिरात म्हणजे तुम्ही आणि मी. आपण पारावर, दूध संस्थेच्या रांगेत, शिक्षकांच्या खोलीत नेमके बोललो, "अमक्या चित्रपटात आई दारात उभी राहते ती जागा बघ," असे सांगितले, तर चार माणसे जातील. 'चांगला आहे' एवढेच म्हटले तर कोणी उठून जात नाही.

तेव्हा, मंडळी, यापुढे पैसे खर्चून निराश व्हायची वेळ आली, तर ती निराशा फुकट घालवू नका. घरी आल्यावर मुलांना जवळ बसवा, आणि चित्रपट कुठपर्यंत बरा होता व कुठून बिघडला, हे त्यांना सांगा. मग त्यांचेही ऐका. त्यांचे मत तुमच्याहून वेगळे पडले, तर त्या दिवशीचे तिकिटाचे पैसे वसूल झाले असे समजा.